एक तास आठ मिनिटं

१

दार उघडं होतं, हाकेला ओ नव्हती, तरीही तुवानं आधी बूट काढले. आग लागलेल्या घरात शिरतानासुद्धा आपली माणसं उंबऱ्यावर नाड्या सोडत बसतील, असं तिचा नवरा येर्केर नेहमी म्हणायचा. आणि आत्ता तो स्वतःच तिच्या मागं एका पायावर उड्या मारत दुसरा बूट ओढत होता.

"बिर्गर?"

नोव्हेंबरचा रविवार, सकाळचे दहा वाजून सात मिनिटं. आल्फोर्स गावातलं म्हाताऱ्या बिर्गरचं, रुळांलगतचं पिवळं लाकडी घर. बाहेर गारठ्याचा पाऊस आणि पायाला चिकटणारा चिखल. आत स्वयंपाकघर रिकामं. टेबलापलीकडचं तळघराचं दार सताड उघडं, आणि खाली दिवा जळत होता.

तुवा कठडा धरून उतरली. खालून तिसऱ्या पायरीवर तिच्या मोज्याला गार ओल लागली. तिनं खाली पाहिलं. पायरीवर ओला ठसा होता, चवड्याचा. त्यानंतर तिला पाणी दिसलं. फरशीवर दोन बोटं पाणी साचलं होतं आणि त्यात बिर्गर उताणा पडला होता.

तुवा बारा वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम करत होती. मान कशी पडली आहे हे बघितल्यावर तिला डॉक्टर लागला नाही. तरी तिनं पाण्यात गुडघे टेकून त्याचा हात धरला. हात अजून कोमट होता.

"येर्केर, कोणाला तरी बोलाव. पळ."

वर धडधड पावलं वाजली. तुवा म्हाताऱ्याकडं बघत राहिली. अंगात तेच रेल्वेतलं जुनं जाकीट, पायात घरातल्या मऊ सपाता. जाकिटाचा छातीवरचा खिसा मात्र बाहेर लोंबत होता. कोणीतरी ओढून उलटा केला होता.

ज्या कागदासाठी तिला आज इथं बोलावलं होतं, तो बिर्गरनं त्याच खिशात ठेवला होता.

२

अकरा महिने तुवा आणि येर्केर रविवारचे गावं बघत फिरत होते. शहराला आपल्या म्हाताऱ्यांचं ढुंगण पुसायला तुवा हवी होती, शहराला आपली बस चालवायला येर्केर हवा होता. पण ह्या दोघांनी झोपायचं कुठं, ह्याच्याशी शहराला काडीचं देणंघेणं नव्हतं. भाड्याच्या घराच्या सरकारी रांगेत नाव घालून अकरा वर्षं झाली होती. तोवर पोटभाडेकरू म्हणून ह्याच्या घरातून त्याच्या घरात. त्यांची एल्वी नऊ वर्षांची होती आणि चौथी शाळा बघत होती. आत्ताचं घर तीस नोव्हेंबरला सोडायचं होतं. म्हणजे नऊ दिवसांनी.

तुवाकडं एक वही होती. प्रत्येक गावाचं एक पान. गाडीला किती वेळ, शाळा किती लांब, दुकान कधी बंद होतं, रस्त्यात माणसं मान हलवतात का. नियम एकच होता: शहरात पोचायला सव्वा तासाच्या वर वेळ नको. सव्वा तासाच्या आतली गावं खिशाला परवडत नव्हती, आणि परवडणारी गावं दोन तासांवर होती. आठ पानं अशीच काट मारून गेली.

नववं पान आल्फोर्सचं. एक तास आठ मिनिटं. तुवानं स्वतः कामाच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं दोनदा जाऊन-येऊन पाहिलं होतं.

ह्या गावात पहिल्यांदा उतरली तेव्हा फलाटावर विवी-आन उभी होती. साठीची, गुबगुबीत, खांद्याला भली मोठी पिशवी. पिशवीत कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे पाव. गावात नवीन माणसं आणायची, त्यांना हिंडवायचं, ह्याच कामावर नगरपालिकेनं तिला ठेवलं होतं. "शाळेला चौदा मुलं कमी पडतायत, पोरी," ती म्हणाली होती. "तेवढी आली नाहीत तर उन्हाळ्यात कुलूप. तुझ्या पोरीला इथं सगळे नावानं ओळखतील." तिनंच त्यांना आपल्या शेजारचं बिर्गरचं घर दाखवायला नेलं.

बिर्गर ब्याऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळलेला. फरशी गार म्हणून चुलीजवळच्या टोपलीतले लोकरीचे मोजे त्यानं पाहुण्यांपुढं केले. तळघर दाखवताना पहिल्या पायरीवर थांबला, सपाता काढल्या, तिथं ठेवलेले लाकडी तळाचे जोडे चढवले आणि मग उतरला. "खाली नेहमी ओल असते," तो म्हणाला. "मी लपवणार नाही. पंप चालू ठेवायचा."

बोली लागली, तुवाची बोली ठरली. सही सोमवारी नऊ वाजता. आणि शुक्रवारी बिर्गरचा फोन आला.

"सही करायच्या आधी ये. रविवारी, दहाला. एक कागद वाच. एजंट म्हणतो फायलीत लावू नको. चाळीस वर्षांत मी कोणाला खोटा सिग्नल दिला नाही, आता मरताना देऊ?"

"कशाचा कागद?"

"फोनवर नको. जाकिटाच्या खिशात ठेवलाय, तू येईपर्यंत तिथंच राहील. तुझं सगळं त्याच्यावर आहे."

३

येर्केर धावत बाहेर पडला तेव्हा शेजारच्या फाटकाशीच त्याला विवी-आन भेटली. तिला तो जवळजवळ ओढतच घेऊन आला. तिनं मागच्या दारात बूट काढले, तळघराच्या दारातून एकदा खाली पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि मग इथल्या कोणत्याही बाईनं केलं असतं तेच केलं. कॉफी ठेवली.

साडेदहाला एजंट पॉन्तुस आला. दुपारी बाराला घर पुन्हा दाखवायचं होतं. तुवाची सही फिसकटली तर हाताशी दुसरं गिऱ्हाईक असावं म्हणून. पाहुण्यांच्या बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा त्यानं आणला होता. स्वतःसाठी मात्र कापडी थैलीत पातळ चामड्याचे आतले जोडे. पावणेअकराला बिर्गरचा पुतण्या रिकार्ड आला. विवी-आननं त्याला फोन केला होता. सगळ्यात शेवटी पोलीस. अन्नेली नावाची तिशीतली बाई, रविवारची तीन नगरपालिकांना मिळून एकटी. तिनं बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या, खाली जाऊन आली, वहीत चार ओळी लिहिल्या.

"पंप बंद पडला. हा बघायला उतरला. घसरला. वय ब्याऐंशी, कंबरेचं ऑपरेशन झालेलं. वाईट झालं, पण ह्यात शोधायचं काही नाही."

तुवा चुलीपाशी बसली होती. तिचे मोजे पिळता येतील इतके ओले होते. येर्केरनं टोपलीतून बिर्गरचे करडे लोकरीचे मोजे तिच्या मांडीवर टाकले. "घाल. आता तो काही परत मागत नाही." मग स्वतःच्या बोलण्याची लाज वाटून त्यानं मान फिरवली.

तिनं घातले. मोठे होते. टाचेचा फुगा तिच्या घोट्याच्या वर आला.

"त्याच्या पायात सपाता आहेत," तुवा म्हणाली.

अन्नेलीनं वही मिटली होती. "मग?"

"लाकडी जोडे पहिल्या पायरीवर आहेत. कोरडे ठणठणीत. पाणी बघायला निघालेला माणूस ते घालून जातो. तो रोज तसाच जायचा."

"म्हातारी माणसं विसरतात हो."

"विसरतात. कालचं जेवण विसरतात, पोटच्या पोराचं नाव विसरतात. पायांची सवय सगळ्यात शेवटी जाते. तो खाली जायला निघालाच नव्हता. तो इथं, ह्या दारात, कोणाशी तरी बोलत उभा होता."

अन्नेलीनं वही पुन्हा उघडली.

"आणि त्याचा खिसा उलटा आहे," तुवा म्हणाली. "त्यात मला दाखवायचा एक कागद होता. तो कुठाय?"

पॉन्तुसचा कप बशीवर वाजला. अन्नेलीनं त्याच्याकडं पाहिलं, उठली, आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.

४

"कोणता कागद, मला काय माहीत," पॉन्तुस म्हणाला.

"फायलीत लावू नको म्हणालास, तो," येर्केर म्हणाला.

"मी असं..." पॉन्तुसनं टायची गाठ सैल केली. चांगलं शिकलेलं, गुळगुळीत पोरगं. खोटं बोलायचं त्याला वावडं नव्हतं, पण पोलिसासमोर बोलायची सवय नव्हती. "तो अधिकृत नव्हता. मसुदा होता नुसता. बिर्गरच्या रेल्वेतल्या कोणा जुन्या सोबत्यानं पाठवलेला. मसुदे काय, शंभर होतात."

"कशाचा मसुदा?" अन्नेलीनं विचारलं.

"वेळापत्रकाचा. डिसेंबरपासूनच्या." तो टेबलाकडं बघून बोलत होता. "सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाड्या आल्फोर्सला थांबणार नाहीत. दुपारच्या दोन थांबतील."

तुवानं खुर्चीची कड धरली. एक तास आठ मिनिटं. पहाटे फलाटावर उभं राहून, घड्याळ हातात धरून मोजलेली. ह्या घराला त्या मिनिटांपलीकडं काही किंमत नव्हती. गाडी थांबत नसेल तर हे पिवळं लाकूड जंगलातलं आणि ती त्यात कोंडलेली, वीस वर्षांच्या कर्जासकट.

"म्हणजे दुपारी दीडला कामावर निघायचं," येर्केर सावकाश म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचं. झकास. आणि तू हे जाणून उद्या नऊ वाजता तिच्या हातात पेन देणार होतास."

"विचारल्याशिवाय सांगायचं बंधन नाही माझ्यावर. गाडी म्हणजे काही घराचा दोष नाही."

"तू घर विकत नाहीस भावा, पिंजरा विकतोस. वर उंदराकडूनच दलाली घेतोस."

"दलाली विकणारा देतो," पॉन्तुस म्हणाला. हे मात्र त्याला मनापासून लागलं होतं.

"असं होऊच शकत नाही," विवी-आन कॉफी ओतता ओतता म्हणाली. आवाज शांत, धार सरळ, एक थेंब सांडला नाही. "नगरपालिकेला विचारल्याशिवाय गाड्या बंद करता येत नाहीत त्यांना. कोणीतरी म्हाताऱ्याची चेष्टा केली असेल."

"तुम्हाला हा कागद माहीत नव्हता?" अन्नेलीनं विचारलं.

"मी आत्ताच ऐकतेय. तळघरात तर मी उन्हाळ्यापासून पाऊल ठेवलेलं नाही."

तुवानं मान वर केली. तळघराचं कोणी विचारलंच नव्हतं. पण घाबरलेली माणसं न विचारलेल्याची उत्तरं देतात, एवढ्यावर कोणाला धरता येत नाही. आणि तेवढ्यात पुतण्यानं तोंड उघडलं.

५

रिकार्ड पन्नाशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा, दाढी वाढलेली. काकाच्या मागं सगळं त्याचंच होतं, आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

"माझ्याकडं कशाला बघताय? विवी-आनचा फोन आला तेव्हा मी गाडीतच होतो. काकाला भेटायलाच येत होतो शहरातून. खिडकीशी बसून झोप लागली होती, फोननं जाग आली. स्टेशनवर उतरलो तो तडक इथं."

येर्केर हसायला लागला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरही हसू नव्हतं.

"कोणत्या गाडीनं?"

"नेहमीच्या. पावणेअकराच्या."

"आज गाड्या नाहीत," येर्केर म्हणाला. "शनिवार-रविवार रूळ उखडलेत. सगळे बदली बसनं येतायत. आम्ही पण बसनंच आलो, आणि चालवणारा माझ्या डेपोतला होता. पावणेअकराची बस आहे का विचारशील तर तीही नाही. दहा वाजून दोनची, आणि त्यानंतर एकदम बाराची."

रिकार्डचा चेहरा पांढरा पडला. अन्नेलीनं आपला कप बाजूला सरकवला.

"कधी आलात?" ती म्हणाली. आता तिचा आवाज निराळा होता.

"काल," रिकार्ड म्हणाला. "काल संध्याकाळी, माझ्या गाडीनं. भांडण झालं आमचं. तो म्हणाला, मी त्या पोरीला सगळं सांगणार. मी म्हटलं, सांग आणि घर कुजव. मला म्हणाला, चालता हो. मी तळ्याकाठी गाडीतच झोपलो. बायकोनं मला घराबाहेर काढलंय दोन आठवडे झाले, आता ते पण लिहून घ्या. सकाळी मी इथं आलो नाही. विवी-आनचा फोन येईपर्यंत तोंड दाखवायची हिंमत नव्हती."

"भांडण तुम्ही केलं. घर तुम्हाला मिळणार. खोटं तुम्ही बोललात," अन्नेली म्हणाली आणि उभी राहिली. "चला."

रिकार्ड उठला. उठणाऱ्या माणसासारखा नाही, उचललेल्या माणसासारखा. इथंच सगळं संपत होतं. तुवाला त्याच्याविषयी प्रेम वाटायचं काही कारण नव्हतं. तो उभा राहिला तसे तिला त्याचे पाय दिसले.

"थांबा," ती म्हणाली. "आधी सगळ्यांचे पाय बघा."

६

"पाय?"

"मी आत आले तेव्हा दार उघडं होतं आणि माणूस ओ देत नव्हता," तुवा म्हणाली. "तरी मी बूट काढले. कारण आपल्या हातून ते होतंच. मग मी खाली गेले आणि माझे मोजे भिजले. ज्यानं बिर्गरचा खिसा उलटा केला, तो खाली पाण्यात उतरला होता. त्याच्या पायात काय होतं?"

"बूट," अन्नेली म्हणाली.

"घरात?"

अन्नेलीनं आपल्या निळ्या पिशव्यांकडं पाहिलं.

"बाहेर चिखल आहे. बूट घालून कोणी उतरलं असतं तर पायऱ्यांवर चिखल पडला असता. पायऱ्या स्वच्छ आहेत. आणि मी उतरत होते, माझे पाय कोरडे होते, तेव्हा खालून तिसऱ्या पायरीवर ओला ठसा होता. चवड्याचा. बुटाच्या तळाचा नाही. तो माणूस इथं मारायला आला नव्हता. बोलायला आला होता. बिर्गरनं त्याला ये म्हटलं, आणि त्यानं शहाण्या माणसासारखे दारात बूट काढले. मग जे व्हायचं ते झालं, आणि तो मोज्यांवर खाली गेला."

सगळे खाली बघू लागले. त्या स्वयंपाकघरात तुवा सोडून पाचही जण दुसऱ्यांचे पाय बघत होते, आणि त्याहून ओशाळवाणं काही तिनं पाहिलं नव्हतं.

"रिकार्डचे मोजे बघा. पांढरे होते कधीतरी. दोन दिवस तेच घातलेत, अंगठा बाहेर आलाय, तळ काळा आहे. पाण्यात बुडाले असते तर एवढे कोरडे नसते, आणि ह्याच्याकडं बदलायला दुसरे असते तर हे घातले नसते."

रिकार्डनं अंगठा आत ओढला.

"आणि मी?" पॉन्तुस म्हणाला.

"तू गाडीत दहा जोड बदलले असशील, ते मला सांगता येत नाही. पण तू आतले जोडे घातल्याशिवाय कुठल्याही घरात पाय टाकत नाहीस, आणि ते पातळ चामडं पाण्यात गेलं असतं तर डाग दिसला असता." तुवा उठली. बोलताना तिचा मोजा घसरला आणि टाचेचा फुगा पुन्हा घोट्यावर आला. तिनं वाकून तो ओढला, आणि वाकलेलीच राहिली.

टेबलापलीकडं विवी-आनच्या पायात करडे लोकरीचे मोजे होते. त्यांचीही टाच घोट्याच्या वर आली होती.

७

"फरशी गार आहे," विवी-आन म्हणाली. कोणी काही विचारायच्या आत. "मी पण टोपलीतलेच घेतले. कॉफी ठेवताना."

"घ्यायला हरकत नाही," तुवा म्हणाली. "टोपली त्यासाठीच आहे. फक्त तो मोजा जरा खाली करा."

"काय बोलतेस, पोरी?"

"गार फरशीवर माणूस मोज्यांवर मोजे घालतो. तुम्ही शेजारच्या घरातून बूट घालून आलात, नोव्हेंबरात. म्हणजे आत तुमचे स्वतःचे मोजे असणार. दाखवा."

विवी-आननं पाय खुर्चीखाली घेतले, लहान मूल घेतं तसे.

अन्नेली तिच्यासमोर उकिडवी बसली, हात लावला नाही, नुसती बसली. "विवी-आन. माझ्या आईला ह्या गावात तुम्हीच घर मिळवून दिलं. मला ओढायला लावू नका."

विवी-आननं स्वतःच मोजा खाली केला. आत पाय उघडा होता, घोट्याला तळघराचा गाळ चिकटलेला.

थर्मासची पिशवी मागच्या दाराशी होती. अन्नेलीनं उघडली. पावांच्या खाली गुंडाळलेले काळे मोजे, ओलेगच्च, आणि त्यांच्यात चार घड्या घातलेला कागद.

"मी त्याला ढकललं नाही," विवी-आन म्हणाली. "तो ह्या दाराला टेकून उभा होता. मी म्हटलं, फक्त उद्यापर्यंत थांब, तिची सही होऊ दे. तो म्हणाला, नाही. मी खिशाला हात घातला. तो मागं सरकला. दाराला कडी लावलेली नव्हती, ते मागं उघडलं."

"नगरपालिकेला विचारल्याशिवाय गाड्या बंद होत नाहीत म्हणालात. मग रेल्वेचं पत्र तुमच्याकडं कधी आलं?" तुवानं विचारलं.

"सप्टेंबरात."

"आणि मी ऑक्टोबरात फलाटावर उतरले."

"ते बदलता आलं असतं. माणसं वाढली की गाडी थांबवावी लागते त्यांना. आधी माणसं, मग गाडी. तेरा मुलं झाली होती. तुझी चौदावी."

"तो खाली पडला तेव्हा जिवंत होता?"

विवी-आन हाताच्या तळव्यांकडं बघत राहिली.

"विचारतेय मी. जिवंत होता?"

"डोळे उघडे होते. माझं नाव घेतलं त्यानं. मग तुमच्या बसमधून उतरलेल्या लोकांचे आवाज आले रस्त्यावर."

"आणि तू कागद घेतलास," तुवा म्हणाली. आजवर ती विवी-आनला तुम्ही म्हणत आली होती. "फोन उचलला नाहीस. ओले मोजे काढलेस, कोरडे घातलेस, मागच्या दारानं गेलीस. त्याचा हात मला कोमट लागला. मी आले तेव्हा त्याच्यासाठी कोणी काही करू शकत नव्हतं. तू खाली होतीस तेव्हा कदाचित करता आलं असतं."

विवी-आन आता रडत होती, पण आवाज न करता, पाहुण्यांना त्रास नको म्हणून रडतात तशी. अन्नेलीनं तिचा कोट आणला. मागच्या दारात बूट घालायला ती वाकली, आणि वाकूनच म्हणाली, "फलाटावर मी तुला खरं सांगितलं असतं, तर तू आली असतीस?"

"नाही," तुवा म्हणाली.

"मग सांग, मी काय करायचं होतं?"

ह्याचं उत्तर ज्यांनी द्यायचं होतं ते रविवारी आपापल्या घरी होते, शहरात, गाडीची गरज नसलेल्या घरांत. त्यांनी ह्या गावावर एक रेघ ओढली होती आणि ती ओढताना कोणाचेही मोजे भिजले नव्हते.

८

बाराच्या बसनं परत जायचं होतं. पॉन्तुस फाटकापर्यंत मागं आला. "उद्याचं नऊ वाजताचं..." तो म्हणाला. येर्केर फक्त वळला, तेवढ्यानंच तो परत गेला. रिकार्ड पायरीवर बसून होता. त्यानं हात वर केला, निरोपाचा की आभाराचा ते कळलं नाही.

नऊ दिवस उरले होते. वहीतली सगळी पानं संपली होती.

बस आली. दारातून एक तरुण जोडपं उतरलं. बाईच्या पोटावर झोळीत बाळ, माणसाच्या हातात घराची छापलेली जाहिरात, पावसानं भिजू नये म्हणून प्लास्टिकात घातलेली. ती दोघं नकाशा न बघता पिवळ्या घराच्या दिशेनं वळली. म्हणजे आधी एकदा येऊन गेली होती.

"ऐका," तुवा त्यांच्या मागं गेली. "तिथं पोलीस आहेत, आज कोणी आत सोडणार नाही. आणि डिसेंबरपासून इथं कामाच्या वेळच्या गाड्या थांबणार नाहीत. पत्र आलंय नगरपालिकेला. सही करायच्या आधी ते मागा."

माणसानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचे केस ओले, गुडघ्यांवर तळघराचा गाळ. मग तो बायकोकडं बघून डाव ओळखल्यासारखा हसला. असं हसणं तुवाला माहीत होतं. गेल्या अकरा महिन्यांत तीही हसली होती, कोणी शेजारीण, कोणी दुसरं गिऱ्हाईक छताबद्दल नाहीतर विहिरीच्या पाण्याबद्दल सांगायला आलं की.

"तुमची बोली किती आहे?" तो म्हणाला.

"माझी बोली नाही."

"असेल असेल. एवढं चांगलं आहे का हो घर, की पोलीससुद्धा बोलवावे लागले?"

बाईनं झोळी सावरली आणि दोघं चालायला लागली, आधीपेक्षा भरभर.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तुवा चढून येर्केरशेजारी बसली. काचेवर पाणी ओघळत होतं.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, घर एवढं चांगलं आहे का."

"मग तू काय सांगितलंस?"

बस वळली. मागं रूळ दिसले, त्यांच्या कडेला ते पिवळं घर, आणि फाटकाशी पोचलेली दोन माणसं. तुवा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "होतंच चांगलं."